लबाडाचा खडक

हिसाए इसोबे बोलायला लागली की उबासाकीच्या धक्क्यावरची घारसुद्धा ऐकायला थांबते, असं गावातले लोक म्हणायचे. इझूच्या पश्चिम किनाऱ्यावर सहलीच्या बोटी पुष्कळ, गुहा पुष्कळ आणि माईक हातात धरून पाहुण्यांना पकवणारेही पुष्कळ. हिसाएचा आवाज मात्र निराळा होता. तरुणपणी ती पर्यटक बसमध्ये गाईड होती. निळी टोपी, पांढरे हातमोजे, हातात एवढंसं निशाण. शिमोदाचं बंदर, अमागीचा बोगदा, घाटातले धबधबे, मात्सुझाकीतली काळ्यापांढऱ्या चौकटींच्या भिंतींची जुनी घरं, असा सगळा मुलूख तिने नवविवाहित जोडप्यांना आणि शाळेच्या पोरांना बोलून बोलून दाखवला होता. कुठे हसवायचं, कुठे गप्प बसायचं आणि कुठे गाणं म्हणायचं, हे तिला झोपेतही कळायचं.

मग एक दिवस टोपी परत करून ती गावी आली, बोट चालवायचा परवाना काढला आणि मच्छीमार सोसायटीच्या सहलीच्या बोटीवर सुकाणू धरून उभी राहिली. त्या काळी उबासाकीत बाईमाणसाने बोट हाकणं म्हणजे नवल. लोक म्हणाले, आई एकटी पडली म्हणून आली. ते खरंच होतं, पण अर्धं.

उरलेलं अर्धं ती बारा वर्षांची असतानाचं होतं.

तिचे वडील किसाबुरो हे गावातले पहिले सहलीचे नावाडी. नुकती शिमोदापर्यंत रेल्वे आली होती आणि टोकियोची नवी जोडपी झुंडीने इझूत उतरत होती. बोट किसाबुरोची नव्हे. ती गावातल्या सगळ्यात मोठ्या सराईची, ‘शिओमी-सो’ची. सराईचा तरुण मालक शोहेई कुवाता. अंगात कोट, पायात चकचकीत बूट, आणि पाहुण्यांसमोर कंबरेतून असा वाके की वाटावं माणसाला हाडंच नाहीत.

शरद ऋतूतली दुपार होती. आकाश स्वच्छ, वाऱ्याचा पत्ता नाही, खाडीपलीकडे फुजी धुऊन ठेवल्यासारखा. पण दूर दक्षिणेला कुठेतरी वादळ होतं आणि त्याच्या लांब लांब लाटा इथवर पोचत होत्या. अशी लाट वरून दिसत नाही. समुद्र तेलासारखा गुळगुळीत असतो, तो फक्त छाती फुगवतो आणि सोडतो. मोकळ्या पाण्यात तिचं काही नाही. गावाजवळच्या कुरोदोच्या गुहेत मात्र तीच लाट बोटीला उचलून छताला नेऊन आपटते.

हिसाए वडिलांचा डबा घेऊन धक्क्यावर आली होती. तिने सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“मालक, आज गुहेत नको,” किसाबुरो म्हणाला. “पाणी फुगतंय.”

“वारा कुठाय? झाडाचं पान हलतंय का?” कुवाता म्हणाला. “पाहुणे टोकियोहून आलेत. उद्या सकाळी जायचेत. गुहा न बघता पाठवू?”

“उद्या पहाटे नेतो की.”

“किसाबुरो, बोट कुणाची?”

किसाबुरोने डब्याला हातही लावला नाही. तो पाहुण्यांना घेऊन गेला.

बोट परत आली ती दुसऱ्या बोटीला बांधून. छत उडालेलं. एक नवी नवरी, सुमिको नावाची, लग्न होऊन चार दिवस झालेली मुलगी, गुहेतच दगावली. किसाबुरोचा खांदा मोडला होता.

चौकशी झाली. कुवाताने हात जोडून, डोळे पुसत सांगितलं, “मी नको नको म्हणत होतो. पण तो ऐकेना. त्याने घेतली होती.” घेतली होती म्हणजे साके, तांदळाची दारू.

आता गंमत अशी, की किसाबुरोला साके सोसायचीच नाही. लग्नात एक घोट घेतला तर अंगावर गांधी उठून भर मांडवातून त्याला उचलून न्यावं लागलं होतं. हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण गावातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी शिओमी-सोत कामाला होतं. कुणाची सून खोल्या झाडायची, कुणाचा मासा तिथे जायचा, कुणाची संत्री. धक्क्यावर शेवाळ वाळवणाऱ्या उमेनो बाईने कुवाताचा शब्दन् शब्द ऐकला होता. हवालदाराने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “माझे कान जरा जड आहेत.” तेव्हा तिचं वय पस्तिशीचंही नव्हतं.

हिसाएने सांगितलं. हवालदाराने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “बाळ, बाबांवर फार माया दिसते तुझी.”

किसाबुरो तुरुंगात जाऊन आला. आल्यावर पुन्हा बोटीवर पाय ठेवला नाही. शेजाऱ्याच्या पडवीत बसून बांगडे चिरायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा, जाळीवर वाळत घालायचा. तेच बांगडे शिओमी-सोच्या न्याहारीला जायचे. वाटेने जाणारी पोरं ओरडायची, “दारुड्या नावाडी!” तो मान वर करायचा नाही. त्याची बायको योशी पाण्यात बुड्या मारून शेवाळ काढायची, त्यावर घर चाललं. एका हिवाळ्यात किसाबुरो गेला. गाव मयताला आलं, कुवाताने मोठं पुष्पचक्र पाठवलं. योशीने ते दाराबाहेर उलटं ठेवलं, एवढंच.

तर अशी ही हिसाए बोटीवर उभी राहिली. गुहेच्या तोंडाशी उजवीकडे एक खडक आहे. वरचा ओठ पुढे आलेला, खालचा जबडा पाण्यात. लाट आली की त्याच्या तोंडात पाणी शिरतं आणि गडगड गुळणी केल्यासारखा आवाज करून बाहेर पडतं. पिढ्यान् पिढ्या त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. हिसाएने ठेवलं.

“पाहुणेमंडळी, उजवीकडे बघा,” ती माईकवर गोड आवाजात म्हणायची. “हा लबाडाचा खडक. फार पूर्वी या गावात एक श्रीमंत माणूस होता. त्याने दुसऱ्याला मरणाच्या तोंडी धाडलं आणि वर सांगितलं, मी तर नको म्हणत होतो! समुद्राने ते ऐकलं. तेव्हापासून समुद्र रोज येतो आणि त्याच्या तोंडात मीठ भरतो. अजून तोंड धुतंय बिचारं, पण खोटं काही निघत नाही.”

गुडूगुडू आवाज व्हायचा आणि बोटीत हशा पिकायचा. पाहुणे फोटो काढायचे. बोटीवरचा दोर सांभाळणारा म्हातारा तेवढा पायाकडे बघत राहायचा.

महिन्याभरात कुवाताच्या कानावर गेलं. चोराच्या मनात चांदणं. त्याने सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवलं.

“हिसाए-सान, ती खडकाची गोष्ट जरा... कुवाता-सानना बरं वाटत नाही.”

“का बरं?” हिसाएने भाबडे डोळे केले. “गोष्ट तर फार पूर्वीची आहे. त्यांच्या कुणी नात्यातला होता का तो?”

सेक्रेटरी आला तसा गेला. कुवाता तरी काय करणार? ‘तो मी नव्हे’ म्हणायचं तर ‘तो’ कोण ते आधी कबूल करावं लागलं असतं.

वर्षांमागून वर्षं तिने ती गोष्ट सांगितली. दिवसातून जितक्या फेऱ्या तितक्यांदा. तापात सांगितली, घसा बसला असताना सांगितली. लग्नाचं एकदा जमत आलं होतं, नुमाझूचा चांगला माणूस होता. म्हणाला, “तिकडे चल, सगळं सोडून दे.” ती म्हणाली, “आमचं गिऱ्हाईक अजून संपलं नाही.” तो काय समजायचं ते समजला.

आणि खडकाचं नाव पसरत गेलं. आधी पाहुण्यांच्या तोंडी, मग तालुक्याच्या नकाशावर, मग रस्त्याच्या पाटीवर बाण काढून: ‘लबाडाचा खडक’. शिओमी-सोत उतरलेले पाहुणे मोलकरणींना विचारायचे, “तो लबाड कोण हो?” मोलकरणी तोंडावर बाही धरून पळायच्या. हिसाएला हे कळलं की त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं.

पण कुवाता काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. एका वसंतात शिओमी-सोच्या दुकानात नवी मिठाई आली. चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला गोड मांजू, आणि खोक्यावर जबडा वासलेला हसरा खडक. ‘खास उबासाकीचा लबाड मांजू’. पाहुणे खोकीच्या खोकी नेऊ लागले. कुवाता स्वतः दारात उभा राहून हसत सांगायचा, “आमच्या गावची फार जुनी दंतकथा आहे बरं का!”

हिसाएला ते उमेनो बाईने सांगितलं. उमेनो आता म्हातारी झाली होती, धक्क्यावर शेवाळाच्या शेवया व्हिनेगरमध्ये घालून विकायची.

“खाऊन बघितलास का मांजू?” उमेनो म्हणाली. “बरा आहे गं.”

हिसाए घरी आली आणि चूल न पेटवता तशीच चुलीजवळ उभी राहिली. तिच्या वडिलांना त्याने खाल्लं होतं, आता तिचा सूडही विकून खात होता. त्या दिवसानंतर ती गोष्ट सांगताना तिला स्वतःचाच आवाज मांजूसारखा लागायला लागला. गोड, मऊ, खोक्यात भरलेला. तरीही तिने सांगणं सोडलं नाही. सोडलं असतं तर तो म्हणाला असता, दमली.

कुवाता सत्तरी ओलांडून गेला. पर्यटन मंडळाचा अध्यक्ष झाला. टेकडीवर, जिथे जुन्या काळी परकी जहाजं बघायला पहारा बसायचा, तिथे मंडळाने एक निरीक्षण सज्जा बांधला. खाली समुद्र, तीन बेटं, ओहोटीला उघडी पडणारी वाळूची वाट, समोर फुजी. सज्ज्याला कुवाताचंच नाव द्यायचं ठरलं. उद्घाटनाला प्रांताचे अधिकारी येणार, टेलिव्हिजनवाले येणार, आणि नंतर सगळ्यांना बोटीतून गुहा दाखवायची. बोट अर्थातच हिसाएची, कारण तिच्यासारखं बोलणारं दुसरं कोण?

तो दिवस उजाडला तोही शरदातलाच, स्वच्छ. फीत कापून, भाषणं उरकून मंडळी धक्क्यावर आली. काळे कोट, छातीला कागदी फुलं. टेलिव्हिजनवाल्यांनी हिसाएच्या कॉलरला छोटा माईक लावला होता. मागे राहिलेल्या लोकांना तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून तो धक्क्यावरच्या भोंग्याला जोडला होता.

हिसाए बोटीत उभी होती आणि तिच्या तळपायांना कळत होतं. बोट हळूच वर जाई, थांबे आणि हळूच खाली येई. वारा नव्हता. दूर दक्षिणेच्या ओगासावारा बेटांच्याही पलीकडे वादळ असल्याचं सकाळी रेडिओने सांगितलं होतं.

“मंडळी, माफ करा,” ती म्हणाली. “आज गुहेत जाता येणार नाही. बाहेरून बेटं दाखवते.”

अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुवाताचं हसू जागच्या जागी वाळलं. काठी टेकत तो बोटीच्या कडेपाशी आला आणि दातांतून, हळू आवाजात म्हणाला, “हिसाए-सान, आज नखरे नकोत.”

भोंग्यातून अख्ख्या धक्क्यावर गेलं: आज नखरे नकोत.

कुवाताच्या ते ध्यानात आलं नाही. त्याचे कान खरोखरच जड झाले होते. हिसाएच्या मात्र आलं. कॉलरवरचा माईक बंद करायला एक बोट पुरलं असतं. तिने दोन्ही हात मागे बांधले. आणि कधीकाळी बसमध्ये म्हाताऱ्या पाहुण्यांशी बोलायची त्या आवाजात, मऊ, अदबशीर, विचारलं:

“कुवाता-सान, पाणी फुगलंय. तरी जा म्हणता?”

“कसलं फुगलंय? आरशासारखा आहे समुद्र. एवढी मोठी माणसं आलीत. आत जाऊन लगेच फिर.”

“म्हणजे हुकूम तुमचा?”

“माझा! मी सांगतोय ना? निघ आता, शोभा करू नकोस.”

भोंगा घुमत होता. उमेनोच्या हातातली वाटी हातातच राहिली. जाळी शिवणारे म्हातारे उठून उभे राहिले. हिसाएने त्यांच्याकडे बघितलं नाही.

“माझ्या बाबांना असंच सांगितलं होतंत ना? याच ठिकाणी?”

“आता ते कशाला उकरतेस!” कुवाता चिडला. “तेव्हाची लाट काय एवढी दिसत होती? मला काय स्वप्न पडलं होतं? मी आपलं जा म्हटलं, आणि–”

तो थांबला. स्वतःचाच आवाज टेकडीवर आपटून परत आला होता. तो त्याच्या जड कानांनीही ऐकला.

एक फोटोवाला खोकला. मग कुरोदोच्या दिशेने तोफ डागल्यासारखा दणका झाला. गुहेच्या तोंडातून पांढरं पाणी उडालं आणि दोन माणसांइतकं उंच जाऊन खाली आलं. प्रांताचे अधिकारी नकळत दोन पावलं मागे सरकले.

“किसाबुरो पीतच नव्हता,” उमेनो बाई मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “त्याला सोसायचीच नाही. मी इथेच होते. मी ऐकलं होतं सगळं.”

“हो, हो, नव्हता पीत,” आणखी कुणीतरी म्हणालं. आणि मग तिसरं. एकदम सगळ्या गावाला कंठ फुटला.

हिसाए वळली. कुवातावर जेवढा नव्हता तेवढा राग तिच्या तोंडावर आता चढला.

“आत्ता आठवलं?” ती म्हणाली, आणि भोंग्याने तेही सगळ्यांच्या तोंडावर फेकलं. “उमेनो-सान, कान कधीपासून बरे झाले तुमचे? बाबा गेल्यावर तुम्ही सगळे आमच्या घरी उदबत्ती लावायला आलात. लाडू खाऊन गेलात. तेव्हा तोंडात काय होतं? उगाच आज माझ्या बाजूला येऊन उभे राहू नका. जागा नाही.”

मग तिने माईक काढला, टेलिव्हिजनवाल्या पोरीच्या तळहातावर ठेवला, खाली वाकून नमस्कार केला आणि बोटीचा दोर पुन्हा खुंट्याला घट्ट बांधला.

टेलिव्हिजनवर त्या रात्री फक्त फीत कापताना दाखवली. पण भोंग्याचं बोलणं कापून टाकता येतं थोडंच? आठवड्याच्या आत शिमोदाच्या न्हाव्यालासुद्धा ते पाठ झालं होतं. सज्ज्यावरची नावाची पाटी कुणी काढली ते कळलं नाही. एका सकाळी तिथे नुसती चार भोकं होती. कुवाताने अध्यक्षपद सोडलं. मांजूची खोकी दुकानातून नाहीशी झाली.

हिवाळा लागता लागता कुवाता तिच्या दारी आला. एकटा, काठी टेकत, रेशमी फडक्यात मिठाई बांधून. हिसाए पडवीत बांगडे चिरत बसली होती. तो उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर गुडघे टेकून बसला. हिसाएने वर बघितलं नाही. टोपलीत जेवढे बांगडे होते तेवढे चिरले, पोटं साफ केली, मिठाच्या पाण्यात सोडले, हात धुतले. पश्चिमेचा वारा सुटला होता. म्हाताऱ्याचे ओठ निळे पडले होते.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “क्षमा करा.”

पहिल्यांदाच तो तिच्याशी ‘तुम्ही’च्या सुरात बोलला होता.

“मला कशाला सांगता?” हिसाए म्हणाली. “ज्यांना सांगायचं ते वर आहेत. देवळामागे, थडग्यात. पायऱ्या तुम्हाला ठाऊक आहेत.”

“माझे गुडघे...”

“बाबांचा खांदा मोडला होता. तरी त्यांनी तुमचे मासे चिरले.”

तो उठला. उठायला त्याला फार वेळ लागला. मिठाईचं गाठोडं फरशीवर तसंच राहिलं. देवळाच्या पायऱ्या पडवीतून दिसतात. संत्र्यांच्या बागेतून त्या सरळ वर जातात. हिसाएने हात पुसले आणि उभी राहून बघू लागली. तो चार पायऱ्या चढे, थांबे, काठीवर ओणवा होई. मध्यावर तो बसला. खूप वेळ बसला. मग हातांनी पायऱ्या धरून, लहान पोर चढतं तसा पुढे सरकू लागला.

आतून योशी, तिची म्हातारी आई, सरकत सरकत दारापर्यंत आली. तिनेही बघितलं.

“पडेल गं तो,” ती म्हणाली. “तुझे बाबा असते तर हात देऊन वर नेलं असतं.”

“म्हणून तर ते मेले,” हिसाए म्हणाली.

फरशीवरचं गाठोडं योशीने काठीने ओढून घेतलं, सोडलं, आणि आतली मिठाई एक एक करून घारींना फेकली. घारी झडप घालून हवेतच उचलत होत्या. मायलेकी तिथे बसून ते बघत राहिल्या.

कुवाता वरपर्यंत पोचला की नाही, हे हिसाएने कधी विचारलं नाही. बागेत काम करणारी माणसं म्हणायची पोचला, फार रडला. ती म्हणायची, “असेल. संत्र्यांना पाणी तरी मिळालं.”

पुढच्या हंगामापासून बोटीवरची गोष्ट बदलली. ‘फार पूर्वी’ गेलं, ‘श्रीमंत माणूस’ गेला. आता हिसाए माईकवर सरळ नावं घ्यायची. मरण पावलेली सुमिको, नावाडी किसाबुरो इसोबे, मालक शोहेई कुवाता. बोटीत कुणी हसत नसे. सोसायटीचा सेक्रेटरी एकदा चाचरत म्हणाला, “पाहुणे सहलीला येतात हो, मन रमवायला. किती दिवस चालणार हे?”

“गुहा आहे तोवर,” ती म्हणाली.

दोन हिवाळ्यांनी कुवाता गेला. मयताला अख्खं गाव लोटलं. हिसाए काळा किमोनो नेसून रांगेत उभी राहिली तेव्हा रांग आपोआप पुढे-मागे सरकली आणि तिच्याभोवती मोकळी जागा झाली. तिचा नंबर आला. तिने चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकला. फोटोतला कुवाता कंबरेतून वाकण्याच्या बेतात असल्यासारखा हसत होता. हिसाएने त्याच्याकडे नीट, निवांत बघून घेतलं. आणि न वाकता, ताठ मानेने मागे फिरली. घरच्यांनी बघितलं, भटजींनी बघितलं, रांगेतल्या शेवटच्या माणसानेही टाचा उंचावून बघितलं.

दारात कुवाताच्या सुनेने रीतीप्रमाणे प्रत्येकाला द्यायची पुडी तिच्याही हातात ठेवली. तिचे डोळे खाली होते. हिसाएने ती दोन्ही हातांनी घेतली.

पुडीत शिझुओकाचा चहा होता. घरी येऊन तिने तो केला, आईला दिला, स्वतः दोन पेले प्यायली. चहा चांगला होता.